धाकटीचं टेबल

"अगं, एवढे जाड तुकडे? लोकांच्या दातांना व्यायाम द्यायचाय का?" थोरलीने टोमॅटोची फोड सुरीच्या टोकावर उचलून दाखवली.

"ताई, ग्रीसमध्ये असेच चिरतात. काकडीही जाडच. वर चीजचा अख्खा तुकडा ठेवायचा, कुस्करायचा नाही."

"तू कधी गेली होतीस गं ग्रीसला?"

धाकटी नुसती हसली. हिला टोमणे कळत नाहीत, की कळूनही ही गिळते, हे कोडं थोरलीला सात वर्षांत सुटलं नव्हतं.

हॉटेलच्या या स्वयंपाकघरात काकड्या-टोमॅटो चिरण्यात थोरलीची एकोणीस वर्षं गेली होती. तिची काकडीची चकती डोळ्यापुढे धरली तर पलीकडचं दिसे. दिराची नोकरी गेली तेव्हा तिनेच मॅनेजरची मनधरणी करून धाकट्या जावेला इथे चिकटवलं. आणि आता मॅनेजरने जेवणाच्या दालनात 'देशोदेशीची सॅलड' असं टेबल मांडून ते धाकटीच्या ताब्यात दिलं होतं. पोरगी फोनवर बघून बघून शिकली होती. लेबनॉनचं म्हणजे चिमूटभर दलिया आणि ढीगभर बारीक चिरलेला कोथिंबिरीसारखा पाला. थायलंडचं म्हणजे कच्च्या पपईचा कीस, खलबत्त्यात चेचलेला. रशियाचं बटाटा-मटारचं. गिऱ्हाइकं कौतुकाने विचारत, "हे कोणी केलं?" एकोणीस वर्षांत काकडी कोणी चिरली, हे एकानेही विचारलं नव्हतं.

घरीही तेच. सासूबाई येईल-जाईल त्याला सांगत, "आमची धाकटी जगभरचं रांधते हो!"

"रांधते कसलं? सगळं कच्चंच तर असतं," थोरली एकदा म्हणाली. सगळे हसले, धाकटीही हसली. थोरली मात्र ताट उचलून उठली.

शुक्रवारी शंभर पाहुण्यांची मेजवानी होती. धाकटीने सकाळपासून खपून टोपलंभर पाला धुतला, फडक्यावर पसरून कोरडा केला, मोठ्या पातेल्यात भरला. लिंबू, तेल, मीठ घुसळून बाटली शेजारी ठेवली.

"हे अगदी वाढतानाच घालायचं, ताई. आधी घातलं की पाला मान टाकतो. मी टेबल लावून येते, जरा लक्ष ठेवाल?"

"जा तू, मी आहे."

थोरलीने खरंच लक्ष ठेवलं. दार मिटलं. तिने बाटली उचलली, पातेल्यात रिकामी केली, हाताने खालीवर कालवलं आणि झाकण ठेवलं.

तासाभराने झाकण निघालं तेव्हा पाला पाण्यात लोळागोळा होऊन पडला होता. बाहेर पाहुणे बसलेले.

"हा उद्योग कोणाचा?" मॅनेजर कडाडला.

धाकटीने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. मग थोरलीच्या हातांकडे. बोटं अजून तेलकट होती.

"माझ्याकडून झालं, साहेब. घाईत आधीच कालवलं मी."

खरं काय ते थोरलीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने बोटं फडक्याला पुसून घेतली.

सोमवारी टेबल थोरलीकडे आलं आणि धाकटी बटाटे सोलायला गेली. जळत जळत का होईना, थोरलीने तिची प्रत्येक कृती नीट पाहून ठेवली होती; काही चुकलं नाही. टोमॅटो जाड चिरले, पपई चेचली, पाल्यावर रस वाढतानाच घातला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने मुद्दाम बोलावून शाबासकीही दिली. ती मान खाली घालून परतली.

दुपारी तिने सगळ्यातलं थोडं थोडं बशीत वाढलं आणि धाकटीपाशी गेली. धाकटीने हात धुतले आणि उभ्या उभ्याच खाल्लं, एक पानही न टाकता.

"कसं झालंय?"

"छान झालंय, ताई."

"अगं, त्या दिवशी मीच..."

"ताई, माझे बटाटे राहिलेत."

धाकटीने बशी विसळली, फडक्याने कोरडी पुसली आणि शेजाऱ्यांचं भांडं परत करावं तशी दोन्ही हातांनी थोरलीला दिली.