ओतिलियाचं रक्त

ओतिलिया नाउएल्किनच्या हृदयात धातूची झडप बसवली होती, त्याला बरीच वर्षं झाली. घरात शांतता असली की झडपेचा बारीक खटका ऐकू यायचा. नवरा आर्सेनियो होड्या बांधणारा सुतार. त्या खटक्याशिवाय त्याला झोप लागत नसे. चिलोए द्वीपसमूहातल्या त्यांच्या लहानशा बेटावरची माणसं थट्टा करायची, की आर्सेनियोनं बायको नाही, घड्याळच केलंय.

झडपेवर रक्त गोठू नये म्हणून ओतिलियाला रक्त पातळ ठेवणारी गोळी लागायची, रोज अर्धी. त्या हिवाळ्यात ती तापानं अंथरुणाला खिळली आणि गोळ्या द्यायचं काम आर्सेनियोकडे आलं. बाई इतकी गळून गेलीय, अर्ध्या गोळीनं काय होणार, असं वाटून तो मायेपोटी अख्खी देत राहिला. आधी हिरड्यांतून रक्त आलं. मग मांड्यांवर जांभळे डाग उमटले. एका सकाळी नाकातून धार लागली ती थांबेचना. बोटीनं तिला शहरातल्या इस्पितळात नेलं, तेव्हा कुठे जीव वाचला.

डॉक्टरांनी घरी पाठवताना बजावलं होतं, की आजपासून पुन्हा अर्धी गोळी सुरू करायची आणि दर आठवड्याला बेटावरच्या दवाखान्यात रक्त तपासून घ्यायचं. पण आर्सेनियो आता गोळ्यांच्या डबीला हात लावेना. ओतिलिया म्हणायची, घेतली, आणि गोळी चुलीत टाकायची. तपासणीच्या दिवशी तिचा गुडघा दुखायचा. पुढच्या आठवड्यातही तेच.

एका दुपारी दोघं चुलीपाशी ‘माते’ हा कडवट पानांचा चहा पीत बसली होती. आर्सेनियोचा हात मध्येच थांबला.

"म्हातारे, तुझा आवाज कुठे गेला?"

"बोलतेय की."

"तो नव्हे."

त्यानं तिच्या छातीला कान लावला. खटका होता, पण दबलेला, लोकरीचा हातमोजा घालून कुणी दार ठोठावावं तसा. मग ओतिलियानं सगळं सांगून टाकलं. दोन दिवस चढ चढताना दम लागत होता, तेही सांगितलं.

"मला त्या गोळीचं भय वाटतं रे. आणि तुला सांगितलं असतं, तर तुला वाटलं असतं मी तुलाच भिते."

आर्सेनियो उठला. त्यानं तिचा कोट आणला.

दवाखान्यातली नर्स यास्ना रागावली नाही. छाती ऐकली, तशी तिनं आधी बोट मागवली. बोट येईपर्यंत ती ओतिलियाचा हात धरून बसली. "मावशी," ती म्हणाली, "रक्त फार पातळ झालं तर वाहून जातं, घट्ट झालं तर झडप अडते. मधली वाट अरुंद आहे, पण तिच्यावरून चालता येतं. दर आठवड्याला मी बघते ते त्यासाठीच."

इस्पितळात पडद्यावर तिला स्वतःचं हृदय दाखवलं. झडपेची दोन इवली पानं होती. एक फडफडत होतं, दुसरं करड्या साक्याखाली अडकलं होतं. तो साका म्हणजे तिचंच गोठलेलं रक्त. हातावर सुई लावून औषध सुरू झालं. काही दिवसांनी पुन्हा पडदा लावला, तेव्हा अडकलेलं पान थरथरलं आणि उघडलं.

ओतिलिया बघतच राहिली. कोकराचं रक्त वाडग्यात धरायचं, मीठ-लिंबू घालून थिजवायचं आणि भाकरीशी खायचं, हे ती लहानपणापासून करत आली होती. ते थिजतं कसं, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. नाकातून धो धो वाहिलेलं रक्त तेच, आणि आत गुपचूप भिंत बांधणारंही तेच. ही दोन्ही कामं ते जन्मभर करत होतं, तिला न विचारता.

घरी आल्यावर तिनं गोळी आर्सेनियोच्या तळहातावर ठेवली. "तूच मोड," ती म्हणाली. त्यानं ती बरोबर मधोमध मोडली.

पुढच्या तपासणीला तो बरोबर गेला. यास्नानं बोटाला टोचलं, थेंब यंत्राला दिला आणि आकडा बघून हसली. मग ती कापूस घेऊन पुढे झाली, तर ओतिलियानं हात मागे घेतला.

"थांब पोरी. बघू दे जरा."

बोटावर दुसरा थेंब फुगला. थरथरला. वाटलं, आता ओघळणार. पण तो तिथेच राहिला, हळूहळू गडद होत गेला आणि थिजला. आर्सेनियोनं नकळत डोक्यावरची टोपी काढली होती.