दुसरा ड्रम कोण वाजवतंय

सबवूफर, म्हणजे नुसता खालचा जड आवाज काढणारा मोठा स्पीकर, घ्यायचा की नाही यावरून आमच्या घरात भांडण चाललं होतं. म्हणजे आई भांडत होती आणि मी हेडफोन लावून बसत होतो.

मी गाणी बनवतो. अंगणातल्या मागच्या खोलीत. सिमेंटची जमीन, वर पत्रा, भिंतींना खिळे ठोकून लावलेली जुनी ब्लँकेटं, एक लॅपटॉप, एक माइक, दोन छोटे स्पीकर. कोणी शिकवलं नाही. बघत गेलो, चुकत गेलो, जमत गेलं.

आमच्याकडच्या गाण्यांचा सगळा जीव लॉग ड्रममध्ये असतो, म्हणजे लॅपटॉपवर बनवलेल्या, लाकडावर ठोकल्यासारख्या खोल ठोक्यात. तो कानात वाजत नाही, पोटात वाजतो. आणि माझे स्पीकर पोटापर्यंत पोचतच नव्हते. चव न घेता भाजीत मीठ घालत बसावं तसं चाललं होतं माझं. सब हवाच होता.

पण भिंतीला भेग होती. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून थेट जमिनीपर्यंत. मार्चमध्ये त्यात नख जात होतं. आता चहाचा चमचा जायचा. आई रोज घालून बघायची. खरंच. हातात चमचा घेऊनच यायची.

"एवढ्याशा डब्यांनी भिंत फाडलीस तू, ओफेन्त्से. आता राक्षस आणतोयस?"

"आई, आवाजानं भिंत फाटत नाही."

"मग काय तुझ्या हुशारीनं फाटली? ऐक. ज्या दिवशी या भेगेत वाढायचा चमचा जाईल ना, त्या दिवशी तुझं दुकान बंद. खोली भाड्यानं देणार."

ती उगाच बोलत नाही. बाबा खाणीतल्या धुळीनं गेले, त्यानंतर हे घर तिनं एकटीनं उभं ठेवलंय. खोली गेली तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. टॅक्सी चालवता येत नाही, शाळा अर्धी सोडलेली. जे आहे ते त्या चार भिंतींत.

तर, गाणं तपासायची आमच्याकडे एकच जागा. टॅक्सी. मोलेफी मामाच्या सोळा सीटच्या गाडीत मागच्या बाकाखाली बासचा एवढा मोठा खोका आहे की मागे बसणाऱ्या बायका पिशव्या मांडीवर घेऊन बसतात. नाहीतर टोमॅटो फुटतात, असं त्या म्हणतात. गाणं झालं की मामाला द्यायचं. तो स्टँडपासून मॉलपर्यंत वाजवतो. माना हलल्या तर पास.

नवीन गाणं बोइपेलोनं गायलेलं होतं. ती आमच्या गल्लीतलीच, चर्चमध्ये सगळ्यांच्या वरचढ गाते. मी पुढच्या सीटवर बसलो होतो. मधे एक जागा आहे जिथं सगळं थांबतं आणि ती एकटीच गुणगुणते. तिथं मामानं आवाज कमी केला.

"भाच्या, हा दुसरा ड्रम कोण वाजवतंय?"

"कुठला दुसरा?"

"अरे हा! धप्... धप्. तुझ्या ड्रमच्या मागून येतोय. दारू पिऊन वाजवलाय कोणीतरी."

मी ऐकलं. होता. मी टाकलेलाच नव्हता आणि होता. तालात, पण दर वेळी जरासा उशिरा.

"मामा, तुझा खोका सैल झालाय."

"माझा खोका? तुझं डोकं सैल झालंय. दुसरं गाणं लावतो, बघ." लावलं. काही नाही. परत माझं लावलं. धप्.

मागून एक बाई म्हणाली, "ए ड्रायव्हर, कमी कशाला केलास? तीच तर मजा आहे!" आणि सगळ्या गाडीच्या माना हलत होत्या. त्या उशिरा येणाऱ्या ठोक्यावर. माझ्या लॉग ड्रमवर नाही.

मी घरी जाऊन एकेक ट्रॅक ऐकला. माझ्या स्पीकरवर काहीच नाही. शांत. मग मी ठरवलं, आईला जे बोलायचं ते बोलू दे.

बोइपेलोच्या बहिणीचा नवरा, लुथांडो, लग्नांना आणि मयतांना साउंड देतो. आमच्याकडे मयत शनिवारीच करतात. त्यामुळे आठवडाभर त्याचं सामान गॅरेजमध्ये धूळ खात असतं.

"शुक्रवारपर्यंत ने," तो म्हणाला. "पण शनिवारी मोठी मयत आहे. म्हाताऱ्याला बास आवडायचा. माझा सब परत नाही आला तर दुसरी मयत तुझी."

सब आला. आई दारात उभी राहून बघत होती, मी नकोशी सून घरात आणल्यासारखी. चमचा मात्र हातात होता.

आता, सब कुठं ठेवायचा हे शोधायची एक पद्धत आहे. ऐकायला येड्यासारखी वाटते. सब आपल्या खुर्चीवर ठेवायचा, बासचं काहीतरी सुरू करायचं आणि आपण जमिनीवर रांगायचं. जिथं बास सगळ्यात साफ ऐकू येईल तिथं सब ठेवायचा. मग तो खुर्चीतही तसाच ऐकू येतो.

तर मी रांगत होतो. दुपारची वेळ. तोंड जमिनीजवळ, मागची बाजू वर.

"हे काय?" आई.

"जागा शोधतोय."

"कशाची? अंडं घालायची?"

"आई, जा ना!"

ती हसत गेली. मी गाणं थांबवलं, कारण हसू मलाही येत होतं. आणि मी तसाच होतो, दोन्ही तळहात सिमेंटवर.

धप्.

गाणं बंद होतं.

धप्... धप्.

मला वाटलं सबमध्ये करंट राहिलाय. प्लग काढला. सरळ भिंतीतून ओढून काढला.

धप्.

हातात येत होतं ते. कानात जवळजवळ नाहीच. हातात, गुडघ्यात, दातात.

मी उठलो, प्लग परत लावला, बोइपेलोचा आवाज एकटा सुरू केला आणि ती एकटी गुणगुणते त्या जागेचा आवाज वाढवला. सबमधून आलं. धप्. साफ. माइकचा स्टँड मी थेट जमिनीवर ठेवायचो. जमीन जे बोलायची ते सगळं माइकमध्ये जायचं आणि माझे छोटे स्पीकर ते मला कधी सांगायचेच नाहीत. मी जुनी गाणी उघडली. एप्रिलमधली. होतं. मार्चमधलं शेवटचं. होतं, लांबून. फेब्रुवारीत नाही.

"आई!"

माझा आवाज कसा निघाला माहीत नाही, पण ती धावत आली. मी काही समजावलं नाही. तिचा हात धरला आणि जमिनीवर ठेवला. ती गुडघ्यावर बसली. थोडा वेळ काही नाही. मग आलं.

तिनं दुसराही हात टेकला.

"खाली माणसं आहेत," ती म्हणाली.

आमच्या वस्तीमागे खाणीच्या मातीचे पिवळे डोंगर आहेत. खाण बंद होऊन किती वर्षं झाली. पण बंद खाणीत लोक चोरून खोदायला उतरतात, डोक्याला बॅटरी बांधून, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. ते तिकडे, डोंगरांपलीकडे. ते तिकडेच असतात असं आम्ही धरून चाललो होतो.

आमच्या खाली?

तेवढ्यात मामा आला. दुपारी गाडी लावून तो आमच्याकडे चहाला येतो. दारातूनच ओरडला, "काय रे, राक्षस चालतो का नाही?" आणि आम्हा दोघांना जमिनीवर बघून तिथंच थांबला. "कोण गेलं?"

"मोलेफी, बूट काढ आणि इथं उभा राहा," आई म्हणाली.

तो उभा राहिला. मोजे फाटलेले. हसत होता, मग हसायचा थांबला.

मी मागे सरकलो, कोपर लॅपटॉपवर पडलं आणि गाणं सुरू झालं. लॉग ड्रम, सबमधून, पूर्ण जोरात. पत्रा थरथरला. मी घाईघाईनं बंद केलं.

शांत.

मग खालून आलं. धप्, धप्-धप्. माझाच लॉग ड्रम. जसाच्या तसा. जरासा उशिरा.

मामा खोलीबाहेर होता. कधी गेला दिसलंच नाही. "ऐकतायत ते!" तो अंगणातून ओरडला. "ऐकतायत तुला, भाच्या!"

मला तेव्हा कळलं. गाताना हेडफोन बोइपेलोकडे असायचा, माझ्याकडे एकच आहे. म्हणून मी स्पीकर चालू ठेवायचो. चुकीचं आहे, माहितीय. पण ते खाली ऐकू जायचं. ते माझ्या तालावर खोदत होते. महिनोन्‌महिने. आणि ते खोदणं माझ्या गाण्यात उतरत होतं, आणि अख्खी टॅक्सी त्यावर माना हलवत होती.

आई भिंतीजवळ गेली होती. सवयीनं असेल, तिनं चमचा भेगेत घातला. तो गेला. पूर्ण. तिच्या हातातून सुटला. आणि आम्हाला तो पडताना ऐकू आला. टिंग. मग टिंग. मग बराच वेळ काही नाही. मग अगदी खोल, बारीक, टिंग.



"बाहेर," आई म्हणाली. "सगळे बाहेर."

अंगणात येऊन मामानं आपत्कालीन नंबर लावला. येतो म्हणाले. कधी ते नाही सांगितलं. आई खोलीकडे बघत होती.

"आणि ते?" ती म्हणाली.

"कोण ते?"

"खालचे, मोलेफी! हे खाली गेलं तर कुणाच्या डोक्यावर जाईल?"

"आपण काय करणार? खिडकीतून हाक मारणार?"

आईनं माझ्याकडे बघितलं. ती काय विचार करतेय ते मला तिच्याआधी कळलं, कारण तिची बोटं मांडीवर वाजत होती. टक, टक, टक-टक-टक. बाबा आम्हाला जेवायला असेच बोलवायचे, टेबलावर ठोकून. त्यांच्या खाणीत सगळ्यांनी वर यायचं असलं की पाइपवर हेच ठोके पडायचे. मी लहानपणापासून या ठोक्यावर हात धुतलेत.

"वाजव," ती म्हणाली.

"अगं येडी झालीस का?" मामा. "एवढा मोठा बास! होती नव्हती ती खोली आत्ताच्या आत्ता खाली जाईल."

"त्यांना तरी कुठं कळणार हा ठोका काय आहे," मी म्हणालो. "ते कुठले कुठले लोक..."

"खाण तीच आहे ना? मग कळेल. ओफेन्त्से, खोली तुझी आहे. तू सांग."

खोली तुझी आहे. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली ती हे.

मी खरं सांगतो, मी विचार केला. माझा माइक आत होता. स्पीकर आत. लुथांडोचा सब आत, आणि शनिवारी मयत. मी दारातून पालथा होऊन आत हात घातला, लॅपटॉप ओढला, सबची वायर लांब होती ती तशीच ठेवली. उंबऱ्याबाहेर मातीत बसून ठोके टाकले. लॉग ड्रमच. सगळ्यात खालचा सूर. घाईत दोनदा चुकले.

मग वाजवलं.

टक, टक, टक-टक-टक. पत्र्यावरची धूळ उडाली. शेजारची कुत्री भुंकायला लागली. परत. परत. ब्लँकेटं भिंतीवरून सुटून पडायला लागली. मी थांबवलं आणि तळहात जमिनीवर ठेवला.

काही नाही.

"अजून," आई म्हणाली. जी बाई माझ्या छोट्या डब्यांवर ओरडायची, ती म्हणत होती, "मोठ्यानं! अजून मोठ्यानं!"

मी सगळं शेवटपर्यंत वाढवलं. परत थांबवलं. हात ठेवला.

धप्. धप्. धप्-धप्-धप्.

आमचाच ठोका. मग एकदम पळाल्यासारखं काहीतरी, भराभर, बारीक. मग खरोखरची शांतता. एवढी शांतता त्या जमिनीत असते हे मला माहीतच नव्हतं.

शाळेतून पोरं घरी यायच्या आधी खोलीचा मागचा कोपरा गेला. फार आवाज नाही झाला. कोणीतरी मोठा श्वास सोडल्यासारखं. पत्रा वाकला, भिंत आत झुकली आणि जिथं माझी खुर्ची होती तिथं काळं होतं. सब खुर्चीवर होता. वायर सरसरत माझ्या हाताशेजारून गेली आणि लॅपटॉपच्या खाचेतून निसटली. मी लॅपटॉप छातीशी धरून बसलो होतो. आई माझा शर्ट मागून धरून उभी होती, मी तिसरीत असल्यासारखा.

आपत्कालीन माणसं आली, खोलीभोवती धोक्याची पट्टी बांधली, आम्हाला घरातनं सामान काढायला लावलं. खाली कोणी आहे का, त्यांनी विचारलं. आम्ही जे माहीत होतं ते सांगितलं. त्यांनी दोर सोडले, दिवे सोडले. कोणी सापडलं नाही. मेलेलं नाही, जिवंत नाही. एक बोगदा दिसला, डोंगराच्या दिशेनं जाणारा.

लुथांडोला फोन मीच केला. सब जमिनीत गेला म्हणालो. तो म्हणाला, "पण वाजला कसा?"

"भारी वाजला."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि रडायलाच लागला. मग शिव्या दिल्या. मी अजून त्याच्याकडे मयतांना खोके उचलतो, फेडतोय.

आम्ही मामाकडे राहतो. आई सकाळी मॅग्विन्या, म्हणजे मैद्याचे फुगलेले गोळे, तळते, मामा त्या टॅक्सीत विकतो. गाणं अजून त्याच्या गाडीत वाजतं. मी काढून टाक म्हणालो. लोक काढू देत नाहीत, तो म्हणाला.

परवा मी पुढच्या सीटवर होतो. मागे, खोक्यावरच्या बाकावर, एक माणूस बसला होता. मांडीवर पोतं, पोत्यात बूट. बोइपेलोची शांततेची जागा आली. धप्.

तो हसला. एकटाच.

"ड्रायव्हर," तो म्हणाला, "हा ठोका उशिरा का पडतो माहितीय?"

"वाजवणारा पिऊन होता," मामा म्हणाला. तो हेच सगळ्यांना सांगतो.

"नाही. वरचा आवाज आधी ऐकावा लागतो ना. मग हात उचलायचा."

मी मागे वळलो. त्याच्या पापण्यांत पिवळी धूळ होती.

"तिथं थांबव, कोपऱ्यावर," तो म्हणाला.

तो उतरायला लागला तसा मी दार पकडलं. "सगळे आले?"

"कुठून?" तो म्हणाला. चेहऱ्यावर काहीच न दाखवता. जणू तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही.

मग तो गाडीच्या मागून गेला आणि जाताजाता टपावर हात मारला. टक, टक, टक-टक-टक.

मामानं गाडी काढलीच नाही. मागच्या बायका ओरडायला लागल्या, "चल की, झोपलास का?" त्यानं आरशात बघितलं, मग माझ्याकडे.

"हा वेळेवर पडला," तो म्हणाला.

मी दोन्ही हात गाडीच्या दाराला लावून बसलो होतो. इंजिन थरथरत होतं आणि मी त्यातही खालचं काहीतरी ऐकत होतो.