उन्हात धरलेली नळी

रंगाऱ्याला एक खोड होती. दुकानातल्या दिव्याखाली कुठलाच रंग तो पसंत करायचा नाही. डबा उन्हात न्यायचा, मगच मान डोलवायचा. या खोडीने त्याचं नाव झालं होतं, आणि या खोडीनेच त्या दिवशी घात केला.

बायकोचं रक्त निगेटिव्ह, पोटातलं बाळ बापावर गेलेलं, पॉझिटिव्ह. थोरल्या मुलीच्या जन्मापासून आईच्या रक्ताने अशा रक्ताशी वैरच धरलं होतं. बाळाचं रक्त किती नासतंय, हे गर्भजलाच्या पिवळेपणावरून कळणार होतं. डॉक्टरबाईंनी पोटातून सुईने पाणी काढलं आणि काळ्या कागदात गुंडाळलेली नळी रंगाऱ्याच्या हाती दिली.

"खाली तपासणीला द्या. कागद काढू नका."

खाली ही रांग! पिवळं म्हणजे नेमकं किती पिवळं? बापाचा जीव, त्यात रंगाऱ्याचा, राहवेना. कागद काढून त्याने नळी खिडकीतल्या उन्हात धरली, नंबर येईपर्यंत तिथेच उभी ठेवली आणि मग पुन्हा गुंडाळून साळसूदपणे आत दिली.

निकाल उत्तम आला. पिवळेपणा किरकोळ, घाई नको. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

रंगाऱ्याने आपलं सहज विचारलं, "बाई, तो काळा कागद कशाला हो?"

"उजेडाने पिवळेपणा उडतो. मग आजारी बाळही ठणठणीत वाटतं."

म्हणजे तो निकाल खोटा होता! गप्प बसलं तर बायकोची दुसरी सुई टळत होती, आणि सोबत आलेल्या सासूबाईंची बोलणीही. पण तो बायकोच्या पोटाकडे बघत राहिला आणि घडाघडा सगळं बोलून गेला.

"जावईबापू, हात शिवशिवत होते का तुमचे?" सासूबाई कडाडल्या.

बायकोने डोळे मिटले. "टोचा परत, बाई."

या खेपेला नळी नर्सने नेली. पिवळेपणा चांगलाच निघाला. आता थांबणं धोक्याचं होतं. दुसऱ्याच दिवशी बाळाला बाहेर काढलं, त्याचं रक्त बदललं, उरलासुरला पिवळेपणा उडावा म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलं. मुलगी अशी काही किंचाळली की नर्स हसायलाच लागली. "वेळेवर सांगितलंत," डॉक्टरबाई रंगाऱ्याला म्हणाल्या.

काचेला नाक लावून रंगारी हमसून हमसून रडत होता. चाकाच्या खुर्चीतून आलेल्या बायकोने त्याची बाही ओढली.

"सुया मला, टाके मला, आणि रडताय तुम्ही? सरका, मला बघू द्या माझी लेक!"