सोमवारची चिठ्ठी

टक्.

भाताच्या कुकरचं बटण उडालं, तशी रोवेनाने लिहिता हात उचलला आणि पडद्यापलीकडे कान दिला. मायुमीने कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा झोपली. बाजारामागच्या त्या एका खोलीत परत सगळं शांत झालं. रोवेनाने पेन टेकवलं आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं.

‘काल रविवार होता. दिवसभर मी फाटकाकडे तोंड करून बसलो होतो. माझं माणूस आलं नाही.’

तिने ते दोनदा वाचलं. लागायचं तिथे बरोबर लागणार होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती सुटी, सरळ अक्षरं काढायची. रोमन लिपीतल्या ‘जी’ची शेपटी तेवढी हातातून लांब निसटायची. चिठ्ठीच्या कोपऱ्यात पंजाचा छापील ठसा होता आणि तळाशी ‘तुमचा लाडका’च्या पुढे रिकामी रेघ. त्या रेघेवर तिने ओठ मुडपून ‘मोका’ लिहिलं. कुत्रा अजून पाळणाघरात पोचायचा होता, आणि त्याचा दिवस लिहून झाला होता.

मग तिने कुकर उघडला. वरचा मऊ भात काढून घेतला आणि बुडाची तांबूस खरवड उलथन्याने सोडवून डबीत भरली. खरवड या घरात कुणी खात नव्हतं.

सहा वर्षांची मायुमी काल संध्याकाळी बापाच्या घरून आली ती मोज्यांसकटच झोपली होती. मोज्यांवर आखूड, तांबूस केस चिकटले होते. रोवेनाने ते एकेक करून वेचले, तळहातावर घेऊन बघितले आणि एप्रनच्या खिशात टाकले.

"ऊठ, बाळा. शाळा."

"इनाय," मायुमी डोळे न उघडताच आईला म्हणाली, "तूतोंगनं काल माझा बूट पळवला."

"बरं."

"मग परत पण आणून दिला."

"दात घास आधी."

आते लुझचं कुत्र्यांचं पाळणाघर नदीच्या वरच्या अंगाला, बंद पडलेल्या चपलांच्या कारखान्यात होतं. सगळी गल्ली तिला आते म्हणे, थोरली बहीण. सकाळी कामावर जाणारी माणसं कुत्रं सोडून जात, संध्याकाळी घेऊन जात. रोवेना मागच्या बाजूला कुत्र्यांना आंघोळी घालायची आणि दुपारी ती सगळी आडवी झाली की चिठ्ठ्या लिहायची. प्रत्येक कुत्र्याची एक, त्याच्याच तोंडची: आज किती जेवलो, कुणाशी खेळलो, कुणाचा चेंडू चोरला. पुढच्या काउंटरवर तिला जावं लागत नसे. मधे दुधी काचेचं दार होतं.

चार महिन्यांपूर्वी त्या काचेपलीकडे एक बाई आली होती. किती कुत्र्यांमागे एक माणूस असतं? भांडण झालं तर सोडवतं कोण? झोपायची जागा दाखवा. तिने चटई उचलून नाकाला लावून बघितली, असं आते लुझ नंतर कौतुकाने सांगत होती. "तीन ठिकाणं बघून आले," ती बाई म्हणाली होती, "पण त्याचा दिवस कसा गेला ते लिहून फक्त तुम्ही देता." फॉर्मवर तिने कुत्र्याचं नाव लिहिलं मोका, आणि स्वतःचं जिझेल. बाहेरचं काही खायला देऊ नये, असंही लिहिलं. अर्ध्या दिवसाच्या परीक्षेसाठी कुत्रा आत आला, बाकीच्या कुत्र्यांकडे ढुंकूनही न बघता सरळ न्हाणीघरात गेला, आणि रोवेनाच्या ओल्या पावलावर हनुवटी टेकून पडून राहिला.

तूतोंग. पुराच्या पाण्यात खोक्यातून वाहत आलेलं पिल्लू. मायुमी तेव्हा तीन वर्षांची. पातेल्याच्या बुडाकडे आणि मग पिल्लाकडे बोट दाखवत तिनेच त्याला खरवडीचं नाव दिलं होतं.

गेल्या वर्षी रोवेनाच्या नवऱ्याला, आर्नेलला, जिझेल भेटली. घर त्याच्या आईबापाचं, म्हणून बाहेर पडली रोवेनाच. एका हातात मुलगी, खांद्यावर दोन पिशव्या, दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा.

"लसीचं कार्ड माझ्या नावावर आहे," आर्नेल टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला होता.

तिने पट्टा दारालगतच्या खिळ्याला अडकवला होता. नवरा गेल्याचं दुःख तिला पुढे आठवून आठवून आणावं लागे. तो खिळा मात्र न बोलावता डोळ्यांपुढे यायचा.

आणि आता मोका.

रोवेना इथे काम करते हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. चपलांच्या दुकानातली तिची आधीची नोकरी सुटल्यावर पुढे काय, हे आर्नेलने विचारलं नव्हतं. मायुमीला तिने सांगितलं होतं, मी धुण्याचं काम करते. तेही खोटं नव्हतंच.

पहिल्या आठवड्यात तिने साध्या चिठ्ठ्या लिहिल्या. मग एका दुपारी लिहिलं: ‘घरी मला मोका म्हणतात. मी वळून बघतो, कारण मी सभ्य आहे.’

आते लुझ पोट धरून हसली. "हा कुत्रा आहे की जावई?"

त्यानंतर रोवेनाचा हात सुटला. ‘नवी गादी मऊ आहे. तिला कुणाचाच वास नाही.’ ‘आज आंघोळ घालणारा हात ओळखीचा वाटला. मी डोळे मिटून घेतले.’ ‘गाडीत बसताना मी मागे बघतो ते उगाच नाही.’

हे शेवटचं तर खरंच होतं. संध्याकाळी दुधी काचेतून तिला एक तांबूस आकार दिसायचा, पाय रोवून मागे वळलेला, आणि त्याच्यावर वाकलेली एक बाई. "चल ना रे, राजा. चल ना." अशा वेळी रोवेनाच्या जिवाला गार वाटायचं.

मधे एकदा जिझेलने त्याच्या गादीवर घालायला आपला वापरलेला टी-शर्ट पाठवला. माझ्या वासाने त्याला बरं वाटेल, म्हणाली. रोवेनाने तो दोनदा साबणात बुचकळला, कडक उन्हात वाळवला आणि नीट चौकोनी घडी करून गादीवर ठेवला. कुत्र्याने हुंगला आणि तो दुसरीकडे जाऊन झोपला. त्या दिवशीच्या चिठ्ठीला विषय आयता मिळाला.

कुत्रा मागता आला असता. घरमालकीण महिन्यापूर्वीच म्हणाली होती, "आण जा तुझं ध्यान. भुंकलं, तर त्याच्यासकट दोघींना बाहेर काढीन." आर्नेलला एक फोन, बस. पण मागायचं म्हणजे त्या बाईने मोठ्या मनाने द्यायचं आणि आपण घ्यायचं. ते रोवेनाला नको होतं. त्या बाईने आधी झिजावं, रोज संध्याकाळी थोडी थोडी. मग आपल्याच तोंडाने कबूल करावं की हा कुत्रा माझा नाही. त्यानंतर तूतोंगला मायुमीच्या कुशीत नेऊन सोडायचं. तिने पोरीला यातलं काही सांगितलं नव्हतं. एकदम दारात उभा करायचा होता.

त्या सोमवारी आते लुझने चिठ्ठी वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"रविवारी तो काय करत होता हे तुला काय ठाऊक?"

"तोंडावर दिसतं की त्याच्या."

"तोंडावर! काल काय जेवला ते पण दिसतं का? अगं बये, कुत्रा चिठ्ठी वाचत नाही. वाचतं माणूस. परवा ती बाई माझ्या काउंटरवर उभी राहून रडली. मी कागदी रुमालांचं खोकं पुढे केलं, तर अर्धं संपवलंन."

"अर्धंच?" रोवेना म्हणाली.

आते लुझने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग चिठ्ठी दुमडून तिने मोकाच्या कप्प्यात टाकली.

न्हाणीघरात तूतोंग डबीचं झाकण उघडायची वाट बघत बसला होता. रोवेनाने त्याला हातावर खरवड दिली. त्याने कण न् कण चाटून घेतला, बोटांमधलासुद्धा.

शनिवारी संध्याकाळी ती एका पूडलचे कान पुसत होती, तेव्हा काचेपलीकडून जिझेलचा आवाज आला.

"आते, सोमवारपासून मी मोकाला आणणार नाही."

"का गं? आमचं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो. मी सगळं करून बघितलं. खाणं बदललं, कामावरून लवकर यायला लागले, त्याच्याजवळ जमिनीवर झोपते. तो माझा नाहीच." नाक शिंकरल्याचा आवाज आला. "ती सोमवारची चिठ्ठी वाचली तेव्हा कळलं. तो कुणाची तरी वाट बघतोय. कुणाची, ते माझ्या लक्षात आलंय. उद्या विचारते तिला."

रोवेनाचं बोट पूडलच्या कानात तसंच राहिलं. त्याने कुरकुर केली तेव्हा तिला भान आलं. तिला. म्हणजे आपल्यालाच फोन येणार. लगेच हो म्हणायचं नाही, तिने ठरवलं. बघते, म्हणायचं. जागा लहान आहे, म्हणायचं. दोनदा विनवायला लावायचं.

रविवारी मायुमी बापाकडे गेल्यावर तिने खोली झाडली, कपच्या उडालेली जुनी थाळी घासून दाराजवळ मांडली. मग घरमालकिणीकडून हातोडी आणली आणि चौकटीत एक खिळा ठोकला. पट्ट्याचं ओझं पेलेल ना, म्हणून त्याला दोन बोटांनी लोंबून बघितलं. फोन टेबलावर उताणा ठेवला होता. दुपार झाली, तीन वाजले, चार वाजले. फोन वाजला नाही.

पाचला खाली आर्नेलची मोटरसायकल थांबली आणि निघून गेली. जिन्यावर मायुमीच्या पावलांचा आवाज आला, नेहमीसारखा धडधडत नाही, एकेका पायरीवर थांबत. तिने दारात बूट काढले, शेजारीशेजारी लावले आणि टेबलाशी येऊन बसली.

"जेवलीस?"

"हं. स्पॅगेटी होती."

"मग चेहरा असा का?"

मायुमीने पिशवीतून चार घड्यांचा एक कागद काढून टेबलावर पसरला. कोपऱ्यात पंजाचा ठसा होता.

"तूतोंगची चिठ्ठी आहे. तो जातो ना एका शाळेत, तिथून लिहितो. आज तीता जिझेलनं मला वाचून दाखवली. मी मागून घेतली." जिझेलला ती तीता म्हणायची, काकू. तिने एका अक्षरावर बोट ठेवलं. "त्याच्या जीची शेपटी तुझ्या जीसारखी आहे. लांब."

"सगळ्यांची सारखीच असते."

"माझी नसते."

रोवेनाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"तीता म्हणाली, मायुमी, तो तुझीच वाट बघतो. मला आता कळलं, म्हणाली. तू त्याला घेऊन जातेस का? कायमचा. म्हणाली, तुझ्या इनायला मी विचारीन, हवं तर हात जोडीन."

"मग?" रोवेना टेबलावर पुढे वाकली. "तू काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं."

"नाही? का गं?"

"कारण ते माणूस मी नाही." मायुमी समजावून सांगितल्यासारखं बोलत होती, एकेक बोट धरून. "त्या रविवारी मी तिथेच होते. सकाळपासून. त्यानं माझा बूट पळवला, मग आणून दिला, मग आम्ही दोघं पायरीवर झोपलो. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, माझं माणूस आलं नाही." तिसरं बोट तिने तसंच धरून ठेवलं. "म्हणजे मी त्याचं माणूस नाही ना. मग खोटं कसं सांगायचं? मी तीताला सांगितलं तसं. ती पण रडली."

खालून बलुत, बदकाची उकडलेली अंडी, विकणाऱ्याची आरोळी आली, जवळ आली आणि गल्लीच्या टोकाला विरली.

"उद्या सकाळी त्याला बातांगासला नेणार आहेत," मायुमी म्हणाली. "तीताच्या मावशीचं शेत आहे तिथे. मोकळं असतं, म्हणाली. कदाचित ते माणूस तिकडे असेल."

रोवेनाचा हात एप्रनच्या खिशात गेला. तळाशी, शिवणीत, केस होते. फोन टेबलावर तसाच उताणा होता. हात लांब केला तर पोचला असता. मायुमीची नजर दाराजवळच्या थाळीवर गेली, तिथून वर नव्या खिळ्यावर, आणि पुन्हा कागदावर आली. तिने कागद जुन्या घड्यांवरूनच दुमडला, न फाटेल असा, आणि दोन्ही हातांत धरला.

"इनाय," तिने विचारलं, "मग तो कुणाची वाट बघतो?"