सोनाजीने पक्की केलेली डोलकाठी

वारंगा फाट्यावर जी वस्तू हलते ती बिघडलेली समजतात. ट्रॉलीचा फाळका हलला, मारा वेल्डिंग. खाटेचा पाय हलला, मारा वेल्डिंग. तशीच एके दुपारी रत्नपालच्या होडीची डोलकाठी हलली, आणि दोन भावांची जुंपली.

रत्नपाल नौदलातून निवृत्त होऊन आला तो एक जायबंदी खांदा आणि ट्रेलरवर एक जुनी शिडाची होडी घेऊन. ती त्याला इसापूर धरणात चालवायची होती. एकट्याने. हे ‘एकट्याने’ त्याच्या थोरल्या भावाला, सोनाजीला, कधी पटलंच नाही. सोनाजी उपकारी माणूस. मदत मनापासून करायचा आणि मग सांगायचाही मनापासून. रत्नपाल भरतीला निघाला तेव्हा सोनाजीने त्याला कळमनुरीच्या स्टँडवर सायकलने सोडलं होतं. त्या एका फेरीवर त्याने भावाची सगळी नोकरी आपल्या खात्यावर जमा करून टाकली होती.

डोलकाठी उभी करायला तीन माणसं लागायची. म्हणजे दर वेळी सोनाजी आणि सोनाजीने बोलावलेले दोघं. त्यात धरणाच्या काठाशी विजेची तार आडवी. तिच्याखालून जाताना काठी पाडायची, पलीकडे पुन्हा उभी करायची. म्हणून रत्नपालने अंगणात महिनाभर खपून काठीच्या बुडाला ती बसेल असा लोखंडी बूट केला, त्यात आडवा बोल्ट घातला. बाजूच्या ताणाच्या तारा बोल्टच्या रेषेत आणल्या, म्हणजे काठी झोपताना त्या सैल पडू नयेत. पुढची तार एका हातचरकीला. चरकी फिरवली की काठी उठायची, सोडली की सावकाश मागे झोपायची. एका हाताचं काम. बोल्टभोवती जराशी फट होती, ती मुद्दाम ठेवलेली.

रत्नपाल दोर आणायला नांदेडला गेला. परत आला तेव्हा अंगणात चार माणसं आणि जळक्या लोखंडाचा वास.

“दादा, हे कोणी केलं?”

“आमी,” सोनाजी म्हणाला. “हालून राह्यली होती. हनुमान वेल्डर म्हणे एक टाका पुरे, म्या म्हणलं, चारी बाजूनं मार.”

“ती हालायसाठीच केली होती!”

“हालायसाठी?” सोनाजीने जमलेल्यांकडे पाहिलं. “नेवीत खांब हालते ठेवतात व्हय? मंग बोटी काहून बुडतात ते इचारूच नये.”

सगळे हसले. रत्नपालने टाक्यांकडे बोट केलं.

“मला एका शब्दानं इचारलं का?”

“घरच्या कामाला इचारून राहू? भाऊ हाय म्या.”

“हेच! भाऊ म्हणून करायचं आन् जल्मभर फाट्यावर वाजवायचं. स्टँडवर सोडलं ते अजून सांगून राह्यला. माह्या मातीला बी सांगशील, म्या पोचवलं म्हणून!”

सोनाजीचा चेहरा उतरला नाही, चढला.

“बराबर. मंग धरणाला होडी काय खांद्यावर नेशील? ट्रॅक्टर माहा हाय.”

हनुमान वेल्डर चाचरत म्हणाला, “ग्राइंडरनं काढून देतो, पण लाइट गेली ना.”

रत्नपालने घरातून लोखंड कापायची आरी आणली.

“अहो, लाइट येऊ द्या की,” त्याची बायको पंचफुला म्हणाली. “खांद्याची तकलीफ वाढंल.”

“लाइटीची बी मेहेरबानी नको.”

तो कापत बसला. पान तुटलं, दुसरं लावलं. खांद्यातून कळ गेली की दातांवर दात यायचे. सोनाजी पुढे सरकला. “आण इकडं, तुहा हात—”

“हात लावू नको.”

टाके सुटले. रत्नपालने चरकी सोडली. काठी कुरकुरत झोपली. चरकी फिरवली; उठली. सोनाजी निघून गेला.

सकाळी रत्नपालने धर्मसिंगची जीप भाड्याने आणली. ट्रेलर सोनाजीच्या दारावरून गेला. दारात ट्रॅक्टर धुऊन पुसून उभा होता, मागे आकडाही लावलेला. रत्नपालने तो पाहिला आणि मान फिरवली.

होडी पाण्यात पडते न पडते तोच मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. रत्नपाल वल्ह्याने होडी तारेकडे नेत होता.

“काठी पाड!” सोनाजी काठावरून ओरडला. “आरं, तार! तार!”

रत्नपाल चरकी सोडतच होता. काठी झोपली, होडी तारेखालून गेली, काठी उठली. सोनाजीने घाम पुसला आणि धर्मसिंगकडे वळला. “पाह्यलं? म्या वरडलो म्हणून वाचलं पोरगं.”

पाण्यावर आवाज लांब जातो. रत्नपालने होडी वळवली, पुन्हा काठी पाडली आणि तारेखालून परत काठाशी आला. संतापाने त्याचे ओठ पांढरे पडले होते.

“आता जातो,” तो म्हणाला. “आता वरडायचं न्हाई. एक शब्द न्हाई.”

“न्हाई वरडत. जाय.”

रत्नपालने काठी पुन्हा उभी केली आणि वल्हं मारलं. उभी काठी तारेच्या दिशेने सरकायला लागली. सोनाजीने तोंडावर हात घट्ट दाबला. रत्नपालचा हात अजून वल्ह्यावरच होता, चरकीकडे गेला नव्हता. सोनाजीचे डोळे मोठे झाले, पाय आपोआप पाण्यात गेले.

रत्नपालने चरकी सोडली. काठी झोपली.

धर्मसिंग शेजारीच उभा होता, म्हणून त्याला ऐकू आलं. सोनाजीच्या बोटांच्या फटीतून आलंच: “पाड... पाड... हां.”