शनीचं कडं

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, दुर्बीण म्हटल्यावर पितळी नळीबिळी डोळ्यांपुढे आणू नका. माझं अंग म्हणजे सांडपाण्याचा पाइप. आरसा मात्र अस्सल. खोपटच्या सिल्वेस्टरने पिंपावर ठेवलेल्या जाड काचेवर खरखरीत पावडर टाकून, पिंपाभोवती फिरत फिरत, तो स्वतःच्या हातांनी घासला. कारखान्यातून आला की जेवणाआधी घासत बसायचा. त्याची बायको विनिफ्रेड म्हणायची, एवढं निरखून तर तू मला लग्नातही बघितलं नाहीस.

मला पहिल्यांदा शनी दिसला, तेव्हा त्याने आधी तिलाच डोळा लावायला दिला. भोवतीचं कडं बघून ती डोळा काढेचना. मग दर वर्षी शनी संध्याकाळी दिसू लागला की गच्चीवर हा कार्यक्रम ठरलेला. खडवलीला उल्का बघायला जाताना मात्र दोघं मला घरी ठेवायची. उल्का क्षणात आकाशभर पळते, माझी नजर पडली अरुंद. मला फार राग यायचा.

एका वर्षी त्याने तिला शनी दाखवलाच नाही. गुरू आणि त्याचे चार चंद्र दाखवून वेळ मारून नेली. कारण मला ठाऊक होतं. शनीला सूर्याभोवती फिरायला तीसेक वर्षं लागतात, आणि तेवढ्यात दोनदा त्याच्या कड्याची धार आपल्याकडे येते. कडं अफाट रुंद, पण इतकं पातळ की धारेकडून दिसतच नाही. विनीचा हिरमोड नको, म्हणून बिचाऱ्याने प्रेमाने लपवलं.

पुढे तो गेला. मी माळ्यावर नाताळच्या कंदिलांखाली धूळ खात पडले.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर विनिफ्रेड खूप आजारी होती. एकदा शेवटचा शनी बघायचाय, असं तिने मुलीला, सेरेनाला सांगितलं. सेरेनाने मला पुसलं आणि आईला खुर्चीत बसवून गच्चीवर आणलं. विनिफ्रेडने बराच वेळ डोळा लावला. नुसता पिवळट ठिपका.

"रिंग नाही गं," ती म्हणाली. "तुझा डॅडी गेला, त्याचा आरसा पण गेला."

सेरेनाने बघितलं. तिलाही मी बिघडलेलीच वाटले. अरे, मी खरं तेच दाखवत होते! पण मला तोंड कुठलं? विनिफ्रेड रडत खाली गेली. त्या नाताळला ती नव्हती.

यंदा सेरेनाने मला शाळेला देऊन टाकायचं ठरवलं. न्यायला आलेल्या गुरुदत्त सरांनी मला गच्चीवर लावून बघितलं.

"आरसा एकदम चांगला आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी कड्याची धार आपल्याकडे होती. कोणालाच धड दिसलं नाही."

सेरेनाने डोळा लावला. बारीक, सुबक कडं. "मम्मा, बघ," म्हणत ती मागे वळली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसत जा. पण आपल्या माणसांना नकोशी गोष्टही वेळेवर सांगा. कडं जातं, एवढं सिल्वेस्टरने सांगितलं असतं, तर ते परत येतं हेही विनिफ्रेडला कळलं असतं.