काचांचा कट्टा

पायी येणारा माणूस हंबीररावांच्या लेखी गिऱ्हाईकच नव्हता. "एक च्या पितंय आन् तासभर बसतंय," असं म्हणून त्यांनी हायवेवरच्या आपल्या हॉटेलासमोरच्या कट्ट्यावर सिमेंटात बाटल्यांच्या काचा रोवल्या होत्या. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवालं. अख्खी कोंबडी हाणून वरच्या लॉजवर घोरणारं.

मग सरकारनं हायवेच उचलला आणि गावाबाहेरनं नेला. शेजारचा टायरवाला गेला, गॅरेजवाला गेला, लॉजमध्ये पारवे राहायला आले. हंबीरराव मात्र दाराशी मिशा पिळत ट्रकची वाट बघत बसले. त्यांची बायको तानाबाई रोखठोक. म्हणाली, "दसऱ्यापातूर बघा. न्हायतर हॉटेल मोडून कोडोलीला माझ्या भावाकडं ऱ्हायला जायचं."

सासुरवाडीत! पिकल्या मिशांनी घरजावई व्हायचं!

त्यात भर म्हणून तानाबाईनं तोच भाऊ, गुंडू, दोन म्हशींसकट ट्रक लावायच्या रिकाम्या जागेत आणून बसवला. दिवेलागणीला तो गिऱ्हाइकासमोर धार काढी, थेट पेल्यात. फेसाळतं दूध प्यायला गावातल्या मंगळवार पेठेतनं तालमीतली पोरं चालत आली, मागोमाग त्यांचे बाप, मग बायका. गाड्यांची भीती नाही, त्यामुळं लोक भर रस्त्यातनं गप्पा हाणत यायचे. टायरवाल्याच्या गाळ्यात शिंपी आला, समोर भाजी बसली. पण लोक उभ्यानं दूध पिऊन घरी जात. टेकणार कुठं?

"म्हशीचं गिऱ्हाईक हाय ते. आपलं न्हवं," हंबीरराव फुरंगटून म्हणायचे.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी हॉर्न वाजला. ट्रक! हंबीरराव धोतर सावरत धावले. देव पावला, असंच त्यांना वाटलं. ड्रायव्हरनं काचेतनं मुंडकं काढलं.

"पावणं, चुकलो की ओ. नव्या हायवेला वाट कुठनं?"

हंबीररावांनी हात करून वाट दाखवली. ट्रक गेला तसे ते पाठीशी असलेल्या कट्ट्यावर मटकन बसले.

आरोळी ऐकून म्हशीनं लाथ झाडली, दूध सांडलं. सारी पेठ पोट धरून हसली.

पालथ्या पडलेल्या नवऱ्याला हळद लावताना तानाबाईही आधी हसली, मग तिचे डोळे भरले. "लई लागलं का ओ? उद्या दसरा. बांधू का गाठोडं?"

उशीत तोंड खुपसूनच हंबीरराव म्हणाले, "गाठोडं ऱ्हाऊ दे. छिन्नी काढ."

दसऱ्याला सगळ्यांनी शस्त्रं पुजली, त्यांनी छिन्नी पुजली आणि दुपारपर्यंत एकूण एक काच उपटली. संध्याकाळी कट्टा भरला. बसलेला माणूस दुधावर थांबत नाही. कुणी भजी मागितली, कुणी च्या, शिंप्यानं बिऱ्हाडासाठी वरची खोली मागितली. हंबीरराव हातात कपबशा घेऊन लंगडत फिरत होते.

"मालक, दमला असशीला. बसा की जरा," एक म्हातारा सरकून जागा करत म्हणाला.

"तुमी बसा," हंबीरराव म्हणाले. "मला अजून आठ दिस तरी बसाय येत न्हाय."